'लाइक'ला दोष देण्याआधी

२०१३ साली लंडनमधल्या एका शाळेने, विद्यार्थ्यांनी शाळेत कोणते शब्द वापरायचे नाहीत याची यादी फलकावर लावली. 'एन्ट', 'इनिट', 'वी वॉज' या बोलीतल्या प्रयोगांच्या रांगेत 'लाइक'ही होता. फलकाचा फोटो पसरला, वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या आणि वाद पेटला. तो पुढे विझलाच नाही. कधी शाळेच्या, कधी नोकरीच्या मुलाखतीच्या, तर कधी एखाद्या तरुण मुलीच्या भाषणाच्या निमित्ताने तो पुन्हा वर येतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांच्या घरातही तो आता शिरला आहे, कारण 'तो लाइक एकदम गप्पच झाला' असं मराठी वाक्य मुलांच्या तोंडून सहज येतं आणि आईवडिलांच्या कपाळाला आठी पडते. एक पक्ष म्हणतो, हा शब्द म्हणजे विचारांच्या आळसाचं लक्षण. दुसरा पक्ष म्हणतो, भाषा बदलतच असते, ज्याला जसं बोलायचं तसं बोलू द्या.

मला दोन्ही पक्षांचं म्हणणं अपुरं वाटतं. पहिला पक्ष ज्याला एक शब्द समजून झोडपतो तो एक शब्दच नाही. एकाच उच्चाराखाली सातआठ वेगवेगळी कामं चालतात, प्रत्येकाचा इतिहास वेगळा, नियम वेगळे. दुसरा पक्ष बदलाचा हवाला देऊन थांबतो, पण हा बदल नेमकं काय साधतो हे सांगायची तसदी घेत नाही. जणू बदल झाला एवढंच त्याच्या समर्थनाला पुरेसं आहे. 'लाइक'ची बाजू घ्यायची तर ती कामाच्या हिशेबाने घ्यायला हवी. त्या हिशेबाने पाहिलं तर आज सर्वांत जास्त शिव्या खाणारे त्याचे उपयोगच सर्वांत नेमके ठरतात, आणि ज्या उपयोगाबद्दल खरोखर तक्रार करायला हवी त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, असं मी म्हणतो.

आधी या शब्दाची कुळकथा पाहू, कारण 'मूळचा शुद्ध अर्थ' हा या वादातला आवडता आधार आहे. जुन्या इंग्रजीत 'लीक' म्हणजे शरीर, देह. जर्मन भाषेत प्रेताला 'लायखं' म्हणतात ते त्याच मुळातून, आणि इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराबाहेर शवपेटी क्षणभर टेकवण्यासाठी जे छपराचं दार असतं त्याच्या 'लिचगेट' या नावातही तेच मूळ आहे. 'गेलीक' म्हणजे ज्याचा देह, ज्याची आकृती सारखी आहे असा. त्यातून 'सारखा' हा अर्थ आला. 'क्विकली', 'स्लोली' यांतला 'ली' हा प्रत्यय म्हणजे झिजून गेलेला हाच शब्द. 'सच', 'विच', 'ईच' यांच्या पोटातही तोच दडला आहे. आता शुद्धतेच्या कैवाऱ्यांना विचारायला हवं: मूळ अर्थाशी प्रामाणिक राहायचं तर कुठवर मागे जायचं? 'सारखा' इथे थांबायचं की 'देह' इथे? थांबण्याची जागा प्रत्येक पिढीने आपल्या शाळेतल्या पाठ्यपुस्तकावरून ठरवली आहे, त्यापलीकडे तिला काही आधार नाही.

'आवडणे' या अर्थाच्या क्रियापदाची गोष्ट तर मराठी माणसाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. आज इंग्रजीत 'आय लाइक इट' म्हणतात. आवडणारी व्यक्ती कर्ता, आवडलेली वस्तू कर्म. पण जुन्या इंग्रजीत रचना उलटी होती. वस्तू कर्ता असायची आणि माणूस चतुर्थीत, थेट आपल्या 'मला ते आवडतं'सारखा. शेक्सपियरच्या काळापर्यंत ही रचना जिवंत होती. अखेरच्या द्वंद्वाच्या वेळी हॅम्लेट हातात तलवार घेऊन पाहतो आणि म्हणतो, 'धिस लाइक्स मी वेल'. म्हणजे, ही मला छान वाटते. मग हळूहळू वाक्याचा सांगाडाच पालटला; ज्याला आवडतं तो कर्त्याच्या जागी येऊन बसला. एखाद्या मराठी मुलाने 'मी आंबा आवडतो' असं म्हणून 'मला आंबा आवडतो' हे सांगायचा प्रयत्न केला तर आपण हबकून जाऊ. इंग्रजीत नेमकं तेच घडलं, आणि ते आज तिथल्या सर्वांत प्रतिष्ठित लेखकाच्या वाक्यातही बसलं आहे. तरुणांच्या आजच्या कुठल्याही 'लाइक'ने व्याकरणाची एवढी मोठी उलथापालथ केलेली नाही. तरी त्या जुन्या पालटाबद्दल आज कोणाला दुःख नाही, कारण तो होताना पाहिलेलं कोणी उरलेलं नाही.

गेल्या शतकातला एक वाद मात्र होताना लाखोंनी पाहिला. १९५४ साली अमेरिकेत विन्स्टन सिगारेटची जाहिरात आली: 'विन्स्टन टेस्ट्स गुड लाइक अ सिगारेट शुड'. शिक्षक, संपादक, व्याकरणप्रेमी खवळले. वाक्याला वाक्य जोडताना 'लाइक' चालत नाही, तिथे 'ॲज'च हवं, असा त्यांचा आग्रह. १९६१ साली मेरियम-वेब्स्टरचा मोठा शब्दकोश निघाला आणि त्याने असे प्रयोग नोंदवले, तेव्हा 'शब्दकोशच शत्रूला सामील झाला' अशा सुरात त्याच्यावर टीका झाली. वास्तविक 'लाइक'चा हा उभयान्वयी वापर इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतो. त्या वादातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्या वस्तूची ती जाहिरात होती ती माणसं मारत होती. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्याचा, धूम्रपान आणि कर्करोगाबद्दलचा अहवाल आला. त्याच्या आधी दहा वर्षं त्या वाक्यातल्या एका अव्ययावर सुशिक्षित समाजाने आपला संताप खर्च केला होता. शब्दावर रागावणं सोपं असतं. त्या रागात माणसाला आपण काहीतरी जपतो आहोत असं वाटतं, आणि त्या वाटण्याच्या भरात काय जपायला हवं होतं ते नजरेआड होतं.

आता आजच्या तक्रारीकडे येऊ. ती मुख्यतः तीन उपयोगांबद्दल आहे: वाक्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये येणारा 'लाइक', संख्येआधी येणारा 'लाइक', आणि कोणाचं बोलणं सांगताना येणारा 'शी वॉज लाइक'. हे सगळं १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मुलींनी सुरू केलं असा सार्वत्रिक समज आहे. अमेरिकी संगीतकार फ्रँक झापा यांनी आपल्या किशोरवयीन मुलीच्या आवाजात १९८२ साली काढलेल्या गाण्याने तो पक्का केला. पण इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांच्या १७७८च्या कादंबरीत 'फादर ग्रू क्वाइट अनीझी, लाइक' असं वाक्य आहे. अलेक्झांड्रा डार्सी या कॅनडातल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी या एका शब्दावर वर्षानुवर्षं काम केलं. न्यूझीलंडच्या नभोवाणीने १९४०च्या दशकात फिरतं ध्वनिमुद्रण पथक पाठवून म्हाताऱ्या माणसांची बोलणी टिपली होती. त्यातले काही जण १८५०च्या दशकात जन्मलेले. त्या माणसांच्या बोलण्यातही डार्सी यांना हा 'लाइक' सापडला. ते ना कॅलिफोर्नियाचे होते, ना तरुण, ना सगळ्या बाया. बोलणं सांगताना येणारा 'शी वॉज लाइक' तेवढा खरोखर नवा. अभ्यासकांनी त्याची पहिली नोंद केली तीही १९८२ सालीच. या उपयोगांची वयं वेगवेगळी आहेत, आणि आरोपपत्र मात्र एकच.

टीकेचा इतिहास पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. १९५९ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेल्या एका विनोदी मालिकेत मेनार्ड क्रेब्स नावाचं पात्र होतं. दाढी, ढगळ कपडे, कामाचा तिटकारा, आणि तोंडी सतत 'लाइक'. तेव्हा हा शब्द आळशी, बिनकामाच्या तरुण पुरुषांची खूण मानला जात होता. पुढे वीसेक वर्षांनी तोच शब्द उथळ, खरेदीवेड्या मुलींची खूण झाला. शब्द तोच, त्याचं वाक्यातलं स्थान जवळपास तेच. दोष मात्र दरवेळी नवा. एकदा आळस, एकदा उथळपणा. म्हणजे त्या काळी समाजाला ज्या गटाबद्दल जे वाटत होतं ते त्याने शब्दाच्या माथी मारलं. प्रामाणिकपणे सांगायला हवं की तरुण आणि स्त्रिया असे शब्द जास्त वापरतात, हा समज निव्वळ काल्पनिक नाही. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही 'आय मीन', 'यू नो', 'लाइक' असे शब्द तरुण आणि स्त्रियांच्या बोलण्यात जास्त आढळले. पण त्याच अभ्यासात आणखी एक धागा होता: हे शब्द वापरण्याचा संबंध काटेकोर, जबाबदारीने वागणाऱ्या स्वभावाशी आढळला. आळसाच्या सिद्धान्तात हे कसं बसवायचं? आणि डार्सी यांच्या नोंदींत तर सगळेच उपयोग बायकांकडे झुकत नाहीत. काही उपयोगांत पुरुष पुढे आहेत, काहींत फरकच नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा संदिग्धतेचा आहे. 'देअर वर लाइक ट्वेंटी पीपल' म्हणजे नक्की किती? ज्याला नेमकं बोलायची सवय नाही त्याला नेमका विचार करायचीही सवय लागत नाही, असं ते म्हणतात. मुद्दा गंभीर आहे आणि शिक्षक तो मांडतात तेव्हा त्यांच्या मनात मुलांबद्दल खरी काळजी असते. पण या वाक्याला मराठीत काय म्हणाल? 'वीसेक माणसं होती.' आपल्या या 'एक'चा संख्येशी काहीही संबंध नाही. वीसेक म्हणजे एकवीस नव्हे. तो फक्त सांगतो की मी मोजलेली नाहीत, अंदाज आहे, यावर फार भार टाकू नका. दहाबारा, पाचपन्नास, शंभरेक. ही आपल्या भाषेची श्रीमंती म्हणून आपण मिरवतो. मग इंग्रजीत तेच काम करणारा शब्द विचारांची गरिबी कशी ठरतो? ज्याने माणसं मोजली नाहीत त्याने 'ट्वेंटी' असं ठासून म्हणणं हे नेमकेपण दिसतं, पण त्या आकड्यामागे मोजणीच नसते. आपल्याला किती माहीत आहे याची मर्यादा वाक्यातच सांगणारा शब्द बोलणाऱ्याला अधिक सच्चा करतो. संशोधक 'सुमारे' लिहितो, इतिहासकार 'अदमासे' लिहितो, त्यांना कोणी ढिसाळ म्हणत नाही.

साम्य दाखवणारा शब्द हळूहळू अंदाजाकडे, आणि अंदाजाकडून नुसत्या सुराकडे कसा जातो, हे समजायला इंग्रजीचीच गरज नाही. यास्काचार्यांनी निरुक्त या वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथात शब्दांचे चार वर्ग केले: नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, आणि निपात म्हणजे अव्ययासारखे छोटे शब्द. निपातांचे त्यांनी पुन्हा प्रकार केले. काही उपमेसाठी, काही अर्थांची जोडणी करण्यासाठी, आणि काही केवळ पदपूरणासाठी, म्हणजे ओळीतली जागा भरण्यासाठी. 'इव' हा उपमेचा निपात, 'सारखा' या अर्थाचा. पण पदपूरणाची चर्चा करताना यास्क नोंदवतात की 'इव'ही त्या कामी येताना दिसतो. 'न'बद्दल तर ते सांगतात की बोलीत तो फक्त नकार दाखवतो, वेदात मात्र नकार आणि उपमा दोन्ही. म्हणजे एकाच अक्षराचा अर्थ कुठे 'नाही' आणि कुठे 'प्रमाणे', आणि ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. हे वेदमंत्रांबद्दल चाललं आहे हे लक्षात घ्या. अडीचेक हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाने 'इव'च्या नव्या कामाला भ्रष्टपणा म्हटलं नाही. त्याने उदाहरणं दिली, वर्ग पाडला आणि पुढे गेला. आजच्या वादात मला हीच शिस्त हवी आहे. ज्ञानेश्वरीतल्या 'पैं', 'गा', 'जी', 'कीं' या अक्षरांकडे पाहा. काटछाट करणाऱ्या संपादकाने ती काढून टाकली तर अर्थ फारसा बदलणार नाही, पण समोर बसलेला श्रोता नाहीसा होईल.

जगभर पाहिलं तरी हीच वाट दिसते. फ्रेंच तरुण 'झानर' म्हणजे 'प्रकार' हा शब्द असाच वापरतात, रशियन 'तीपा', स्वीडिश आणि नॉर्वेजियन 'लिक्सोम', फिनिश 'नीन्कू', जर्मन 'सो'. सगळे मुळात साम्याचे, प्रकाराचे किंवा रीतीचे शब्द. सगळे आज बोलण्यात तीच कामं करतात. आणि त्या त्या भाषेत सगळ्यांवर तीच टीका होते. आपल्या 'सारखा'लाच घ्या. 'भावासारखा' यातला 'सारखा' साम्य दाखवतो, 'सारखा रडतो' यातला सातत्य दाखवतो, 'केस सारखे कर' यातला व्यवस्था दाखवतो, आणि 'पाऊस आल्यासारखं वाटतंय' यातला अंदाज. कोणीही मराठी मूल या चारांत गोंधळत नाही. मग इंग्रजी बोलणारं मूल सातआठ 'लाइक'मध्ये गोंधळेल असं का मानायचं? गोंधळत नाही याचा पुरावा त्यांच्या वाक्यांतच आहे. हा शब्द कुठेही टाकता येतो हा समजही खोटा आहे. 'न्यू लाइक यॉर्क' असं कोणी म्हणत नाही. नामाच्या गटाआधी, क्रियापदाच्या गटाआधी, वाक्याच्या सुरुवातीला, आणि उत्तर इंग्लंडात वाक्याच्या शेवटी अशा त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. नियम पाळणाऱ्या सवयीला बेशिस्त म्हणायचं कसं?

दुसरा वजनदार मुद्दा 'शी वॉज लाइक'बद्दलचा आहे आणि तो मला जास्त विचार करायला लावतो. ती असं म्हणाली, की तिला असं वाटलं, की तिचा चेहरा तसा झाला? 'सेड' म्हटलं तर शब्दांची जबाबदारी येते. 'वॉज लाइक' म्हटलं की बोलणारा मोकळा. न्यायालयात, कार्यालयातल्या चौकशीत, बातमीत हे धोक्याचं आहे. साक्षीदार 'ही वॉज लाइक, आय विल किल यू' म्हणाला तर धमकी दिली गेली होती की नव्हती? हा धोका मला पूर्ण मान्य आहे. अशा ठिकाणी उलटतपासणी करणाऱ्याने थांबवून विचारलंच पाहिजे की नेमके शब्द कोणते होते.

पण धोका शब्दात आहे की आपल्या स्मरणशक्तीत? दुसऱ्याचं बोलणं शब्दशः लक्षात राहत नाही ही माणसाची जुनी अडचण आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिताना हे उघडपणे मांडलं. भाषणांचे नेमके शब्द आठवणं मला आणि मला सांगणाऱ्यांनाही अवघड होतं. म्हणून प्रत्यक्ष बोलण्याच्या एकूण आशयाला शक्य तितकं धरून, त्या त्या प्रसंगी जे बोलणं योग्य होतं तसं मी लिहिलं आहे, अशा आशयाचा खुलासा त्याने पहिल्याच खंडात केला. त्याच्या या प्रामाणिकपणाचं आजवर कौतुक होतं. सोळा वर्षांची मुलगी 'शी वॉज लाइक' म्हणते तेव्हा ती दोन शब्दांत तोच खुलासा करते: हे तिचे शब्द नाहीत, तिचा भाव मी माझ्या शब्दांत दाखवते आहे. उलट 'सेड' वापरून, अवतरणचिन्हांच्या सुरात, न आठवणारे शब्द ठामपणे दुसऱ्याच्या तोंडी घालणारा साक्षीदार जास्त घातक असतो, कारण त्याच्या वाक्यात शंकेला जागाच दिसत नाही. 'वॉज लाइक' ऐकून वकील सावध होतो. 'सेड' ऐकून होत नाही. शिवाय या रचनेने जे साधतं ते 'सेड'ला साधतच नाही. 'आय वॉज लाइक' म्हणून खांदे उडवता येतात, डोळे विस्फारता येतात, मनात आलं पण ओठांवर आलं नाही ते सांगता येतं. आपणही 'मी म्हटलं, आता काय खरं नाही' असं सांगतो तेव्हा ते मोठ्याने म्हटलेलं असतंच असं नाही, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

अतिरेकाचा मुद्दा उरतो. दर तिसऱ्या शब्दाला 'लाइक' आला की ऐकणारा कंटाळतो, हे खरं आहे. ते कोणत्याही शब्दाबद्दल खरं आहे. दर वाक्यात 'वस्तुतः' म्हणणारा प्राध्यापक, दर वाक्यात 'या ठिकाणी' म्हणणारा वक्ता तितकाच कंटाळवाणा असतो. त्यांच्या शब्दांवर कोणती शाळा बंदी घालत नाही. बोलणं हे लिहिण्यासारखं आधी खोडून, मग नीट करून समोर येत नाही. ते ऐकणाऱ्याच्या देखत जुळवावं लागतं. जुळवताना लागणारी उसंत कोणी 'अं'ने घेतो, कोणी 'म्हणजे'ने, कोणी 'लाइक'ने. एखादं मूल अडखळत असेल तर त्याला विषयाची तयारी कमी आहे, किंवा समोरच्याची भीती वाटते आहे, किंवा त्याच्या मनात शब्दांपेक्षा जास्त गोष्टी एकदम आल्या आहेत. यातलं काय आहे ते शिक्षकाने ओळखावं. शब्दावर बंदी घातली की मूल शब्द सोडतं आणि पुष्कळदा बोलणंही सोडतं.

आता दुसऱ्या पक्षाशी माझं भांडण. भाषा बदलते म्हणून सगळं चालतं, हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण त्यात विचार नाही. बदल होतो हे निरीक्षण झालं, तो चांगला की वाईट हे त्यातून निघत नाही. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो खरा. १६६० साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा जॉर्ज फॉक्स आणि त्याचे साथी यांनी अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की एका माणसाला 'यू' हे अनेकवचन वापरणं मूर्खपणाचं आहे, एकाला 'दाऊ' म्हणजे 'तू'च म्हणावं. १७१० साली लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी 'मॉब' म्हणजे जमाव आणि 'बँटर' म्हणजे थट्टा या शब्दांविरुद्ध लिहिलं. एकोणिसाव्या शतकात 'द हाउस इज बीइंग बिल्ट' ही रचना अमेरिकी टीकाकारांना विद्रूप वाटत होती. 'द हाउस इज बिल्डिंग' हेच खरं इंग्रजी असं ते मानत. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत तर स्वतःच्याच जुन्या आशेवर पाणी सोडलं: शब्दकोश भाषेला मसाला भरून टिकवून ठेवील अशी कल्पना करणारा कोशकार उपहासालाच पात्र आहे, असं त्यांनी म्हटलं. पण हे सगळे हरले म्हणून त्यांचा प्रत्येक मुद्दा चूक होता असं नाही. फॉक्स यांच्या आग्रहामागे थोरामोठ्यांना अनेकवचन आणि गरिबाला एकवचन या भेदभावाबद्दलचा राग होता. भाषा बदलून गेली, पण तो राग रास्तच होता. इंग्रजीने 'दाऊ' सोडला आणि एक-अनेक यांतला फरक गमावला; आज 'यू ऑल', 'यू गाइज' अशा जोडशब्दांनी ती उणीव भरावी लागते. बदलाची किंमत असते. ती मोजायची तयारी हवी.

त्या मोजणीत 'लाइक'चा एक उपयोग मला खरोखर खोटा पडलेला दिसतो, आणि तो कोणत्याही मुलीच्या बोलण्यातला नाही. फेब्रुवारी २००९मध्ये फेसबुकने 'लाइक'चं बटण आणलं. आवडणं या क्रियेला त्यामुळे मोजता येणारं नामरूप मिळालं: इतके लाइक, तितके लाइक. कोणाच्या आईच्या निधनाची बातमी, कोणाची नोकरी गेल्याची बातमी, आणि त्याखाली 'लाइक'. लोकांना ते बोचत होतं, पण दुःखात सोबत आहे हे सांगायला तिथे दुसरं बटण नव्हतं. सात वर्षांनी, फेब्रुवारी २०१६मध्ये, कंपनीने दुःख, राग, आश्चर्य यांची चिन्हं दिली. फरक लक्षात घ्या. बोलण्यातला 'लाइक' लाखो माणसांच्या तोंडी घासून घासून नव्या कामाला आला. जिथे तो पुरला नाही तिथे माणसांनी दुसरा शब्द घेतला, कारण निवड त्यांच्या हातात होती. बटणावरच्या 'लाइक'चा अर्थ कंपनीने ठरवला, आणि सात वर्षं माणसांना त्यात आपलं दुःखही कोंबावं लागलं. भाषेच्या घसरणीची चिंता करणाऱ्यांनी इथे आवाज उठवायला हवा होता. तो फारसा उठला नाही, कारण इथे रागावायला समोर कोणी मुलगी नव्हती.

मुलाखतीचं काय, असं पालक विचारतील, आणि तो प्रश्न खरा आहे. समोर बसलेला अधिकारी 'लाइक' ऐकून उमेदवाराबद्दल मत बनवत असेल तर त्याची झळ उमेदवाराला बसते, भाषाशास्त्रज्ञाला नाही. म्हणून मुलांना सांगावंच, की औपचारिक ठिकाणी हा शब्द कमी वापरा. पण कारण खरं द्यावं. 'तुझा विचार ढिला आहे म्हणून' असं सांगू नये, कारण ते खोटं आहे. 'काही लोक यावरून तुला उगाच कमी लेखतील म्हणून' असं सांगावं. पहिल्या कारणाने मुलाला स्वतःबद्दल शंका येते. दुसऱ्या कारणाने त्याला समोरच्या माणसाच्या पूर्वग्रहाची ओळख होते, आणि उद्या तो स्वतः मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसला की एखाद्या उमेदवाराच्या 'लाइक'पाशी न अडखळता पुढचं उत्तर ऐकू शकतो.